फॉरमॅट मारण्याआधी पाथ बघा

काष्टीपासून बेलवंडीपर्यंत, श्रीगोंदा तालुक्यात जावा शिकणाऱ्या सगळ्या मुलामुलींना एक विनंती आहे. ‘मेव्हन चालत नाही’ म्हणून लॅपटॉप फॉरमॅट करायला देऊ नका. पैसे जातात, कधी प्रोजेक्टही जातो, आणि दुखणं तसंच राहतं. बहुतेक वेळा मेव्हन धडधाकट असतं. ते कुठे ठेवलंय एवढंच कॉम्प्युटरला सांगायचं राहिलेलं असतं.

हे सांगण्याची जागा म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. तुम्हाला दोनच लागतात, जावा_होम आणि पाथ. (टाईप करायचं अर्थातच इंग्रजीत. लिनक्स आणि मॅकवर सगळी अक्षरं कॅपिटल हवीत, विंडोजला फरक पडत नाही.) जावा_होममध्ये जेडीकेच्या फोल्डरचा पत्ता द्या, त्याच्या आतल्या ‘बिन’चा नको. पाथमध्ये मात्र मेव्हनचं ‘बिन’च हवं. बरीच मुलं इथेच उलटंपालटं करतात.

विंडोजवर स्टार्टमध्ये ‘एन्व्हायर्नमेंट’ टाईप केलं की खिडकी येते. बदल त्यातूनच करा. कुठलासा व्हिडिओ बघून सेटएक्स कमांडने पाथ बदलायला जाऊ नका. 1024 अक्षरांपुढचं सगळं ती कापून टाकते, आणि काल चालणारं पायथन आज बंद पडतं. ती तशी वॉर्निंग देते, पण खाली ‘सक्सेस’ दिसल्यावर वरची ओळ वाचतो कोण? आधी जुना पाथ नोटपॅडमध्ये उतरवून ठेवा. कॉलेजच्या लॅबमध्ये असाल तर फक्त यूजर व्हेरिएबल्समध्ये लिहा. सिस्टिमचे सगळ्यांचे असतात.

पुण्याहून सेकंडहँड लॅपटॉप आणला असेल तर जास्त जपा. त्यात आधीच्या मालकाचा जावा 8 बसलेला असू शकतो. साखर कारखान्याच्या काट्यावर आधी लागलेली ट्रॉली आधी जाते, तसं पाथमध्ये आधी लिहिलेलं आधी सापडतं, आणि विंडोज सिस्टिमचा पाथ यूजरच्या पाथच्या आधी धरतं. म्हणून तुम्ही 17 टाकूनही ‘जावा -व्हर्जन’ 8 दाखवतं, आणि जावा_होम वाचणारं मेव्हन मात्र 17 म्हणतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘व्हेअर जावा’ टाईप करा. किती जावा आहेत आणि पहिला कोणता, ते समोर येईल. शिवाय यूजरच्या फोल्डरला नाव-आडनाव मधे स्पेस देऊन ठेवलेलं असेल, तर काही टूल्स त्या स्पेसवर अडखळतात. सी ड्राइव्हवर ‘टूल्स’ नावाचं साधं फोल्डर करून सगळं त्यात ठेवा.

उबुंटूवर होम फोल्डरमधल्या ‘.बॅशआरसी’ फाइलमध्ये एक्सपोर्टची ओळ लिहायची. मॅकवर 2019 च्या कॅटालिनापासून झेडशेल आला, म्हणून तिथे ‘.झेडएसएचआरसी’. जुन्या पुस्तकातली बॅशची फाइल भरत बसाल तर काहीच होणार नाही. विंडोजमध्ये दोन पत्त्यांमध्ये सेमीकोलन येतो, कारण ‘सी’पुढे कोलन आधीच असतो, बाकी दोन्हीकडे कोलन. ओळीत डॉलर लावून जुना पाथ ठेवायला विसरलात तर साध्या ‘एलएस’लाही टर्मिनल ओळखणार नाही.

बदल केल्यावर उघडी टर्मिनल आणि एडिटर बंद करून पुन्हा उघडा, जुन्या खिडकीला नवा पत्ता कळत नाही. तरीही अडलं तर सरांना किंवा मित्राला नुसतं ‘होत नाहीये’ पाठवू नका. ‘एमव्हीएन -व्हर्जन’ जे छापेल ते सगळं पाठवा. मेव्हन सापडलं असेल तर त्याचं फोल्डर, कोणता जावा आणि कोणती ऑपरेटिंग सिस्टिम हे त्यातच असतं, आणि सापडलं नसेल तर तेही त्याच ओळीत कळतं.