मिस्त्रीची मजुरी आणि सुट्या भागाचा भाव

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या पट्ट्यात स्वतःची मोटार बाळगणाऱ्या मध्यमवर्गाने गॅरेजमधल्या मिस्त्रीला केव्हाच चोर ठरवून टाकले आहे. ब्रेक बदलण्याचा अंदाज हाती पडताच ‘लुटतात हो हे लोक’ असा उद्गार निघतो. आणि तो केवळ प्रतिगाम्यांच्याच तोंडून निघतो असे नाही. किमान वेतनाचे ठराव मांडणारे साथीही मिस्त्रीच्या मजुरीतले शंभर रुपये तोडून आणल्याची फुशारकी मारताना आढळतात. शेतमजुराशी घासाघीस करणाऱ्या जमीनदाराची निंदा करणाऱ्यांना हे शोभत नाही. पण शोभेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी हिशेबाचा प्रश्न उरतोच, आणि त्या हिशेबात हे लोक नापास होतात.

ब्रेकच्या अंदाजपत्रकात असते काय? सुटे भाग, मजुरी, लागल्यास लेथवरचे काम, ब्रेक ऑइल आणि कर. हे सारे एका रकमेत कोंबून सांगितले तर ती रक्कम वाजवी की अवाजवी हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. म्हणून ग्राहकाची पहिली मागणी भाव उतरवण्याची नसावी. आकडा फोडून, कागदावर लिहून देण्याची असावी. दुसरी मागणी चाक काढून दाखवण्याची. पॅडवरचा घर्षणाचा थर तीनएक मिलिमीटरवर आला असेल तर पॅड बदलणे भाग आहे, आणि एकाच बाजूचे अधिक झिजले असले तरी त्या धुरीवरचे दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावे लागतात. ही लूट नव्हे, नाहीतर ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढेल. मात्र पॅड झिजले म्हणून डिस्कही गेली, असे होत नाही. डिस्कवर तिची किमान जाडी बहुधा कोरलेली असते. जाडी मोजावी, चरे पडले असले पण जाडी शिल्लक असेल तर लेथवर घासून तीच डिस्क चालते. मागच्या ड्रममधला व्हील सिलिंडर बदलायचा असेल तर गळती डोळ्यांना दिसली पाहिजे. ब्रेक ऑइल मात्र हवेतली आर्द्रता शोषते, तेव्हा दोनेक वर्षांनी ते बदलण्याचा सल्ला लबाडीचा नसतो. मजुरी कामाला लागणाऱ्या वेळावर मोजावी, भागाच्या किमतीवर नव्हे. महागडा पॅड बसवायला स्वस्त पॅडहून अधिक वेळ लागत नाही.

असा फोडून लिहिलेला कागद समोर आला की खरे दुखणे दिसू लागते. रक्कम फुगते ती बहुतेक वेळा मजुरीच्या ओळीत नव्हे, तर सुट्या भागाच्या ओळीत. आणि त्या भागाची किंमत मिस्त्री ठरवत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला, तो याच व्यवहाराबद्दल. कंपन्या आपले सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना खुलेपणाने मिळू देत नाहीत, ग्राहकाला आपल्याच अधिकृत केंद्रांत बांधून ठेवतात आणि भागांवर अवाच्या सवा नफा चढवतात, असा तो निष्कर्ष होता. दंडाचा वाद पुढे अपिलात गेला. अब्जावधींच्या या प्रकरणावर डोंबिवलीच्या दिवाणखान्यांत किती चर्चा झाली? मिस्त्रीच्या तेलकट हातांवर मात्र रोज होते.

मिस्त्री धुतल्या तांदळासारखा असतो असा याचा अर्थ नव्हे. खोके अस्सलचे आणि आतला पॅड नकली, हा प्रकार घडतो. दुकानदाराकडून दलाली घेऊन अनावश्यक भाग माथी मारणेही घडते. पण अस्सल भाग परवडेनासा झाला की नकलीचा बाजार उभा राहतो, हा क्रम विसरता येत नाही. ‘बाजारच ठरवील’ म्हणणाऱ्यांनी जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाचा १९७० मधला निबंध वाचावा. विकणाऱ्याला मालाची खरी अवस्था ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात प्रामाणिक माणूसच आधी बाहेर फेकला जातो, हे त्यांनी जुन्या मोटारींचेच उदाहरण घेऊन दाखवले होते. २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले ते याच विचाराबद्दल.

कराचीही एक परीक्षा सोपी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरील २८ टक्के जीएसटी १८ टक्क्यांवर आला. मूळ हजार रुपयांचा जो भाग करासह १,२८० ला पडत होता तो १,१८० ला पडायला हवा. हे शंभर रुपये ग्राहकाच्या हाती आले की वाटेत जिरले, हे बिल पाहिल्यावाचून कळत नाही. आणि बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

आतापर्यंतची गोष्ट ज्याला मोटार परवडते त्याची झाली. कल्याण स्थानकाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या रिक्षाचालकाला हाच हिशेब जिवावरचा आहे. तिन्ही चाकांचे शू बदलायचे म्हणजे भागांचा खर्च, मजुरी, शिवाय धंद्याचा बुडालेला वेळ. रिक्षा मालकाची आणि चालक पाळीवरचा असेल, तर दुरुस्ती कोणी करायची यावरच दिवस जातात, आणि तोवर तीच रिक्षा पावसात, खड्ड्यांतून, प्रवासी भरून धावते. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर प्रदेशात रिक्षाचे किमान भाडे २३ वरून २६ रुपये झाले. भाडे ठरवण्याच्या सूत्रात देखभालीचा खर्च धरलेला असतो, म्हणजे प्रवासी ब्रेकचे पैसे आधीच मोजतो. ते ब्रेकपर्यंत पोचतात का, हे मात्र कोणी पाहत नाही. सरकार भाड्यावर नियंत्रण ठेवते आणि ब्रेक शूच्या भावाला मोकळे सोडते. श्रमिकाच्या मिळकतीला मर्यादा आणि कारखानदाराच्या नफ्याला मुभा, असे हे विलक्षण नियोजन आहे!

कारखानी मालाचा भाव उत्पादनखर्चाच्या दीडपटीहून अधिक नसावा, ही डॉ. लोहियांची ‘दाम बांधो’ची मागणी होती. १९७२ मध्ये मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध स्त्रियांना रस्त्यावर आणले, तेव्हा राग तेला-साखरेच्या भावावर होता, गल्लीतल्या वाण्यावर नव्हता. तो विवेक आज गॅरेजच्या दारात हरवलेला दिसतो.

रिक्षाचालकांच्या संघटनांकडेही बोट दाखवले पाहिजे. भाडेवाढीसाठी त्या तातडीने उभ्या राहतात, सुट्या भागांच्या भावाबद्दल मौन पाळतात. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या मिस्त्रींना सोबत घेऊन त्यांनी नित्याच्या कामांची मजुरी ठरवावी, ती स्थानकाबाहेरच्या रिक्षातळांवर फलकावर लिहावी, शेजारी भागांच्या छापील किमतीही लिहाव्यात. ठरलेल्या मजुरीत मग कोणी घासाघीस करू नये, पक्षाच्या माणसाने तर नाहीच. स्वतः चालवून पोट भरणारा रिक्षाचालक कायद्याने ग्राहकच आहे; नकली भाग माथी मारला गेला तर त्याला जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, आणि त्याच्या अर्जाचा मसुदा लिहून देणे हे शाखेचे काम आहे. भाडेवाढीचा विचार पुन्हा परिवहन प्राधिकरणापुढे येईल तेव्हा संघटनांनी इंधनाच्या आकड्यांबरोबर आणखी एक आकडा मागावा: ब्रेक शू कारखान्यातून बाहेर पडतो तेव्हा त्याची किंमत किती असते?