पडीक म्हणे!

गेली बावीस वर्षे मी बँकेत कारकुनी करतो आहे. एवढ्या काळात माझ्या हातून एका पैशाचीही अफरातफर झालेली नाही. (त्याला हिंमत लागते, असे आमची सौ. म्हणते.) पण एक खोटी नोंद मात्र झाली आहे. ती आजवर एकाही हिशेबतपासनिसाला सापडली नाही, म्हणून मीच सांगून टाकतो.

नोकरीचे पहिलेच वर्ष. मी कर्जविभागात होतो. एक गृहस्थ खाडीकाठी कोळंबीचे तळे करण्यासाठी कर्ज मागायला आले. अर्जात 'जमिनीचे वर्णन' असा रकाना होता. मी विचारले, "काय लिहू?" ते म्हणाले, "लिहा, पडीक." मी लिहिले. माझे अक्षर मुळातच चांगले, त्यात 'पडीक'मधला 'ड' तर फारच वळणदार आला. कर्ज मंजूर झाले. त्या 'पडीक' जमिनीवर छातीइतकी वाढलेली खारफुटी होती, हे मला पुढे वर्षभराने कळले. तोवर ती नव्हती.

हे आठवायचे कारण म्हणजे आमचा दादा. दादा माझा चुलतभाऊ. मालवण तालुक्यात कालावलच्या खाडीकाठी आमचे घर आहे आणि सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावे आहेत. गेल्या मे महिन्यात मी गावी गेलो, तर चहाच्या कपाबरोबर दादाने एक कागद पुढे सरकवला.

"सही कर रे. खालची जागा पडीकच हा. भरणी घालूया, चार खोल्यो बांधूया. पर्यटक येतत ते खाडी बघूकच येतत."

म्हणजे खाडी बघायला लोक येणार, म्हणून खाडी बुजवायची! मी कॉमर्सचा पदवीधर असूनही हा हिशेब मला जुळेना.

मुळात पडीक म्हणजे काय? जिथे माणूस राबत नाही, ते पडीक. या व्याख्येने रविवारी दुपारी मीसुद्धा पडीक असतो. पण अजून कोणी माझ्यावर डंपरने माती ओतलेली नाही.

संध्याकाळी ओहोटीच्या वेळी मी त्या पडीक जागेत जाऊन उभा राहिलो. (एक चप्पल अजून तिथेच आहे.) पाहतो तो काय, आमच्या अख्ख्या शाखेत होत नसेल एवढे काम तिथे चालले होते. चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून तिवर आणि चिपी ही झाडे आपली मुळे पेन्सिलींसारखी वर काढून श्वास घेतात. आम्ही विरारच्या गाडीत मान वर काढून घेतो, अगदी तसा. तिवर नको असलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकते. डॉक्टरांनी सांगूनही मला हे जमलेले नाही. कांदळाचे बी झाडावरच रुजते आणि चांगला लांब कोंब फुटल्यावरच खाली पडते. पोरगा कमावता झाल्याशिवाय त्याला घराबाहेर न काढणाऱ्या बापाची ही जात. मुळांच्या त्या जाळ्यात कोळंबी, कुर्ली, काळुंदर, तांबोशी यांची पिल्ले लहानाची मोठी होतात. निवट्या चिखलावर उड्या मारीत होत्या. खंड्या फांदीवर बसून हजेरीपत्रक तपासत होता. एका जागी पाणमांजराची पावले उमटली होती. इतकी खाती चालू असलेल्या जागेला 'पडीक' म्हणणारा कारकून बडतर्फच व्हायला हवा. आणि तो कारकून मी होतो.

भरणीवाल्यांची बाजू मला पाठ आहे. "चिखलाला वास येतो." येतो. आमच्या शाखेतल्या जुन्या वह्यांच्या खोलीलाही येतो; तेवढ्यासाठी कोणी बँक बुडवीत नाही. "डास होतात." डास आमच्या बोरिवलीच्या तिसऱ्या मजल्यावरही होतात आणि तिथे खारफुटी नाही, फक्त सोसायटीची कमिटी आहे. "उत्पन्न शून्य." दादा, काल रात्री तू कुर्ल्यांचे सार तीनदा वाढून घेतलेस. त्याची नोंद कुठल्या खात्यावर टाकायची?

"एवढी झाडे तोडली तर तेवढीच दुसरीकडे लावून देऊ," हा त्यातला सगळ्यांत सुशिक्षित मुद्दा. पण बदली कारकुनाची होते, खारफुटीची नाही. भरतीचे पाणी किती चढते, किती वेळ थांबते, गोडे किती आणि खारे किती, यावर कोणते झाड कुठे तगेल हे ठरते. चुकीच्या जागी लावलेली रोपे मरतात. समारंभाचे फोटो तेवढे टिकतात.

आणि खाडी थकबाकी विसरत नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ती रात्र मी काउंटरवर उताणा पडून काढली. खाली पाणी होते आणि उशाला लेजर होते. एवढ्या पावसाला कुठलीच नदी पुरली नसती, हे खरे. पण मिठीकाठच्या दलदलीवर आणि खारफुटीवर आपण आधीच भरण्या घालून इमारती चढवल्या होत्या. पाणी शिरायची जागा आपण घेतली, मग पाण्याने आपली घेतली.

त्याच २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीला मनाई केली आणि २०१८ साली अंतिम निकालात ती कायम केली. जमीन सरकारी असो की खासगी. २०२० साली राज्य सरकारने पांढऱ्या चिपीला राज्याच्या कांदळवृक्षाचा मान दिला. म्हणजे दादा ज्याला पडीक म्हणतो, ते झाड सरकारदरबारी माझ्यापेक्षा वरच्या हुद्द्यावर आहे. पण रात्री दहानंतर डंपर आला, तर ते ओरडू शकत नाही. ओरडायचे काम आपले.

हे सगळे मी दादाला ऐकवले. तो शांतपणे म्हणाला, "तुका एक तारखेक पगार गावता."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. खरेच आहे ते. निसर्गप्रेमाला महागाईभत्ता असतो, हे आम्हा पगारदारांच्या लक्षात येत नाही. म्हणून मी म्हटले, "वरच्या भरडातला माझा हिस्सा तू घे. खोल्या तिथे बांध. कर्जाचे कागद मी करतो. खाडी होडीतून दाखव. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचतगटाच्या बायकांनी कांदळवनाची सफर सुरू केली, लोक पैसे मोजून गेले."

दादा काही बोलला नाही. बोलली ती कोपऱ्यात नारळ खवत बसलेली काकी. "मेल्या, ती झाडा तोडलंस तर कुर्ल्यो खंय रवतल्यो? ह्येच्या ब्यांकेत?"

मी सही केली नाही. दादाने भरडाबद्दल हो म्हटलेले नाही आणि नाहीही म्हटलेले नाही. दर वर्षी गावाहून येणारी आमसुलांची पिशवी यंदा आलेली नाही. सौ. रोज सोलकढीच्या वेळी मला त्याची आठवण करून देते.

बँकेच्या वहीत चुकलेली नोंद खोडरबराने पुसायची नसते. तिच्यावर आडवी रेघ मारायची, वर बरोबर नोंद लिहायची आणि शेजारी आपली छोटी सही करायची, असा नियम आहे. बावीस वर्षांपूर्वीची ती वही आता कुठे असेल, देव जाणे. म्हणून इथेच 'पडीक' या शब्दावर रेघ मारतो, वर 'चालू खाते' असे लिहितो आणि शेजारी सही करतो. ही सही मात्र माझी, आणि राजीखुशीची.