गोधडीच्या पोटात काय आहे?

१/
जुन्या गोधड्यांची, जयपुरी रजयांची, परदेशांतील क्विल्टांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर नित्य फिरत असतात. त्यांखालची चर्चा जवळजवळ नेहमी वरच्या कापडापुरती असते: रंग कोणते, ठिगळांची मांडणी कशी, टाका किती बारीक. दोन कापडांच्या मध्ये काय भरले आहे, हे क्वचितच कोणी विचारते. इतिहासाच्या अभ्यासकाने पहिला प्रश्न तोच विचारायला हवा. वरचे कापड लोकांनी पाहावे म्हणून निवडलेले असते. आतले भरण मात्र ते कोणी पाहणार नाही, अशा खात्रीने निवडलेले असते. साक्षीदार म्हणून ते अधिक भरवशाचे.

२/
आधी शब्दांकडे पाहू. 'क्विल्ट' या इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिन 'कल्किटा' या शब्दात आहे. त्याचा अर्थ भरलेली गादी. संस्कृत 'कंथा' म्हणजे चिंध्यांचे, ठिगळांचे वस्त्र. म्हणजे एका परंपरेने वस्तूला भरणावरून नाव दिले, तर दुसरीने जुन्या कापडावरून. हा फरक ध्यानात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडतो.

३/
आतल्या भरणाला इंग्रजीत 'बॅटिंग' म्हणतात. (क्रिकेटप्रेमींनी हिरमुसू नये, काठीने झोडपणे हे मूळ दोन्हीकडे एकच.) कापूस किंवा लोकर झोडपून मोकळी करायची आणि तिचा सपाट थर करायचा, अशी ती क्रिया. आपल्याकडे हे काम पिंजाऱ्याचे. त्याचे हत्यार काठी नव्हे, धनुकली. ताणलेल्या तांतीवर मोगरीचा ठोका बसला की तिच्या कंपनाने कापसाचा गुंता सुटतो आणि केरकचरा खाली गळतो. दारोदार फिरणाऱ्या पिंजाऱ्याच्या धनुकलीचा तो घुमारा कालपरवापर्यंत गावागावांत ओळखीचा होता.

४/
भरणाचे स्वतःचे कायदे असतात आणि शिवणाऱ्या हाताला ते पाळावे लागतात. सुटा कापूस वापरात सरकतो, एका कोपऱ्यात गोळा होतो. त्याला जागेवर धरून ठेवायचे तर टाक्यांच्या ओळी बोटा-दोन बोटांच्या अंतरावर घालाव्या लागतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॉलिस्टरचे जोडतंतू पत्रे आले आणि ओळींमध्ये वीतभर अंतर ठेवले तरी चालू लागले. म्हणून जुन्या क्विल्टवरील दाट टाके पाहून 'काय तो संयम!' असे उद्गार काढण्यापूर्वी थांबावे. त्यातला बराचसा संयम कापसाने सक्तीने करवून घेतलेला असतो.

५/
सिसिलीत इसवी सन १३६० ते १४०० च्या सुमारास शिवलेली एक तागाच्या कापडाची रजई आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तिचा जोड फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो संग्रहालयात. तीवर ट्रिस्टनच्या कथेतील प्रसंग आहेत आणि आकृत्या उठून दिसाव्यात म्हणून आत कापूस भरला आहे. येथे भरण केवळ उबेसाठी नाही, ते शिल्पकाराच्या मातीसारखे वापरले आहे. वरच्या कथेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण चौदाव्या शतकातील युरोपात कापूस ही भूमध्य समुद्राच्या व्यापारातून मिळणारी वस्तू होती, आणि ती चित्राच्या पोटात दडवून खर्च करण्याइतपत हाताशी होती, ही गोष्टही त्याच वस्तूने सांगितलेली आहे.

६/
युद्धाचा इतिहास आवडणाऱ्यांसाठी आता थोडे वळण. मध्ययुगीन युरोपात चिलखताखाली, आणि गरीब शिपाई तर चिलखताऐवजीच, जाड शिवलेला अंगरखा घालत. त्याचे एक नाव 'ॲक्टन'. हा शब्द अरबी 'अल्-कुत्न', म्हणजे कापूस, यावरून आला. १३२२ साली लंडनमध्ये अशा अंगरख्यांत ठरवून दिलेल्या वस्तूंखेरीज दुसरे काही भरू नये, असा नियम झाला. नियम करावा लागला, याचा अर्थ उघड आहे: लोक दुसरे काहीतरी भरून विकत होते. बाहेरून सारे सारखेच दिसते, फसवणूक पोटात होते.

७/
याहून महत्त्वाचा दाखला फ्रान्सचा राजा अकरावा लुई (१४६१–१४८३) याच्या काळातील फर्मानाचा आहे. सैनिकांचे शिवीव अंगरखे कापडाच्या तीस, निदान पंचवीस थरांचे असावेत, वर हरणाचे कातडे असावे, असे त्यात सांगितले आहे. आणि कापड कसे? वापरून मऊ, लवचिक झालेले उत्तम. म्हणजे जुने कापड राजाज्ञेने पसंत केले गेले, कारण बाण आणि सुरी अडवायला तेच अधिक कामाचे ठरत होते. जुन्या कापडाचे अनेक थर एकत्र शिवणे, ही रचना मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. तिच्याकडे यायचेच आहे. आधी एका लोकप्रिय गैरसमजाचा निकाल लावू.

८/
गैरसमज असा: जुनी अमेरिकी क्विल्ट उजेडासमोर धरावी, आत काळे ठिपके दिसले तर ती सरकी समजावी, आणि सरकी असेल तर क्विल्ट १७९३ पूर्वीची, कारण त्या वर्षी एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र शोधले. ऐकायला अगदी तर्कशुद्ध. प्रत्यक्षात यातली जवळपास प्रत्येक पायरी डळमळीत आहे.

९/
एक तर सरकी काढण्याची साधने व्हिटनीपूर्वी शेकडो वर्षे होती. अजिंठ्याच्या लेण्यांतील पाचव्या शतकातील एका चित्रात असे एकरुळी साधन दिसते, असे अभ्यासकांचे वाचन आहे. दोन रुळांची लाकडी चरकी तर भारतात सर्रास होती, आणि रुळांची यंत्रे अमेरिकेतही व्हिटनीच्या आधी चालत होती. अँजेला लॅकवीट यांनी २००३ च्या आपल्या ग्रंथात ही दंतकथा तपशिलाने खोडून काढली आहे. व्हिटनीच्या यंत्राने (पेटंट १७९४ चे) आखूड धाग्याच्या कापसाचा वेग वाढवला आणि त्याबरोबर गुलामांच्या मळ्यांचा विस्तारही. कापूस अधिक स्वच्छ मात्र केला नाही. हाताने किंवा रुळाने काढलेली रुई संथ निघे, पण पुष्कळदा अधिक निर्मळ असे.

१०/
दुसरे असे की ते ठिपके बहुधा सरकीचे नसतातच. पानांचे, बोंडाच्या कवचाचे ते तुकडे असतात. चांगला कापूस सूतगिरणीकडे जाई. हलका, कचऱ्याचा कापूस भरणासाठी स्वस्तात विकला जाई. त्यामुळे १९०० च्या आसपास शिवलेल्या क्विल्टमध्येही ठिपके भरपूर आढळतात. ठिपके साल सांगत नाहीत. त्या घराने कोणत्या प्रतीचे भरण घेतले किंवा घेणे परवडले, ते सांगतात. हा पुरावा खरे तर तारखेहून मोलाचा आहे, पण तारीख हाती लागल्याचा आनंद इतका मोठा असतो की बाकीचे ऐकूच येत नाही.

११/
१८४६ साली ओहायोतील सिनसिनाटी येथे स्टर्न्स अँड फॉस्टर ही कंपनी निघाली आणि तिने तयार गुंडाळीचे भरण घरोघरी पोहोचवले. कापसाच्या थरावर खळीचा पातळ लेप देण्याची तिची युक्ती प्रसिद्ध आहे. आता अलाबामातील गीज बेंडकडे पाहा. तेथील कृष्णवर्णीय स्त्रिया गुलाम केलेल्या माणसांच्या वंशज. कापूस पिकवणारे हात त्यांचेच. पण क्विल्टमध्ये भरायला त्यांनी कित्येकदा जिनिंगच्या जमिनीवरून झाडून काढलेला केर-कापूस आणला आणि काठ्यांनी झोडपून वापरला. २००२ मध्ये त्यांच्या क्विल्ट ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतीवर टांगल्या गेल्या, आधुनिक चित्रकलेशी त्यांची तुलना झाली. ती तुलना योग्यच. मात्र भिंतीवर टांगलेल्या क्विल्टचे पोट दिसत नाही, आणि कापसाच्या शिवाराशी त्या स्त्रियांचे खरे नाते नेमके तेथेच शिवलेले आहे.

१२/
आता गोधडी. कोल्हापूर-साताऱ्याकडे वाकळ. तिच्यात बहुधा सुटा कापूस नसतो. जुनी लुगडी, धोतरे यांचे थर असतात. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे ८.२ मीटर कापड. त्याच्या चार घड्या घातल्या की माणसाच्या लांबीचे चार थर एकाच लुगड्यातून मिळतात. विरलेले कापड आत, त्यातल्या त्यात धड कापड बाहेर, आणि सगळ्यांतून आरपार धावदोरा. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंडीही जुन्या कापडाचीच. ती कडेकडून सुरू होऊन आत सरकत जाते आणि तिच्या कोपऱ्यांना घडीच्या कापडाची 'फुले' लावतात.

१३/
गोधडीविषयीचे रूढ वाक्य असे असते: 'कापूस परवडत नव्हता, म्हणून चिंध्या वापरल्या.' या वाक्यात तथ्य आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. कापूस हे विकायचे पीक होते. अमेरिकी यादवीच्या काळात (१८६१–१८६५) मुंबईत त्याला सोन्याचा भाव आला होता, तेव्हा तो पांघरुणात कोण घालणार? परंतु केवळ टंचाई हे कारण मानले तर पुढच्या दोन गोष्टींची संगती लागत नाही.

१४/
पहिली: अनेक घरांत कापसाची गादी आणि कापडाची गोधडी एकत्रच नांदत. म्हणजे दोन्ही भरणे ठाऊक होती आणि त्यांची कामे वाटून दिलेली होती. अंगाखाली जाड, फुगीर कापूस. अंगावर कापडाचे थर.

दुसरी, आणि निर्णायक: धुणे. नवरात्रापूर्वी घरातील झाडून साऱ्या गोधड्या नदीवर नेऊन, दगडावर आपटून धुण्याची रीत आजही टिकून आहे. सुट्या कापसाची रजई अशी धुतली तर तिचे पाण्याने जड झालेले गोळे होतील. ती उसवावी लागते, कापूस पुन्हा पिंजावा लागतो, पुन्हा भरून शिवावी लागते. शेणाने सारवलेली जमीन, चुलीचा धूर, तान्ही मुले, पावसाळ्यातली ओल. ज्या घरात पांघरुणाला हे सारे सोसायचे आहे, तेथे धुता येणे हा पहिला गुण ठरतो आणि ऊब दुसरा. दख्खनच्या थंडीला सहा-आठ थर पुरतातही. जयपूरच्या रजईची गरज जयपूरला.

१५/
म्हणून गोधडीला 'गरिबीची कला' म्हणून मोकळे होणे हा आळस आहे. अकराव्या लुईच्या शिपायाने वापरलेले मऊ कापड अंगावर घातले तर ते लष्करी तंत्रज्ञान, आणि आजीने तेच कापड तशाच थरांनी शिवले तर नाइलाज, असा भेद कोणत्या पुराव्यावर उभा आहे? दोघांनीही उपलब्ध वस्तूंतून विचारपूर्वक निवड केली. एकाची निवड फर्मानात लिहिली गेली, दुसरीची लिहिली गेली नाही, इतकेच.

१६/
आजचा प्रश्न याच धाग्यातला. शहरी दुकानांत 'पारंपरिक गोधडी' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक वस्तूंच्या पोटात पॉलिस्टरचा पत्रा असतो. शिवणाऱ्या बाईची बाजू प्रथम समजून घ्यावी: पत्रा हलका, फुगीर, लवकर वाळणारा, टाके कमी लागतात, एका गोधडीचे दिवस वाचतात, मजुरी पदरात पडते. त्यावरून तिला बोल लावणे शोभत नाही. पण विकणाऱ्याने नाव तरी खरे द्यावे. पत्र्यामुळे ओळी विरळ होतात, थर नाहीसे होतात, ठिणगी पडली तर भरण जळण्याऐवजी वितळून चिकटते. ती वस्तू वाईट नाही, वेगळी आहे. १३२२ सालच्या लंडनकरांना हा मुद्दा समजला होता.

१७/
शुद्धतावाद्यांनाही एक सांगणे आहे. 'खरी गोधडी सुतीच' हा हट्ट इतिहासाला धरून नाही. घरात नायलॉनच्या, टेरिलीनच्या साड्या आल्या, तशा त्या काही वर्षांनी गोधडीच्या पोटातही गेल्या. ते बायकांनी स्वतः केले, कोणाला न विचारता. सुती लुगड्याशेजारी कृत्रिम धाग्याची साडी सापडणे हा भेसळीचा पुरावा नव्हे. घरातल्या कापडखरेदीची ती वही आहे. उत्खननातल्या थरांसारखी मात्र ती वाचू नये, कारण सर्वांत खालचे कापड सर्वांत जुने असेलच असे नाही.

१८/
घरी जुनी गोधडी असेल तर ती उसवू नये, नवा अभ्रा चढवून जुनी कड कापू नये. फाटलेला कोपरा बहुधा असतोच. तेथून थर मोजावेत, प्रत्येक थराचे छायाचित्र घ्यावे. सुटलेला एखादा धागा चिमट्यात धरून जाळून पाहावा: सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते, लोकर केस जळल्यासारखी वास मारते, पॉलिस्टरचा कडक मणी होतो. शिवणारी बाई घरात असेल तर कोणता थर कोणाच्या लुगड्याचा, हे विचारून तारखेसह लिहून ठेवावे. संग्रहालयांच्या फलकांवर 'सुती, हातशिलाई' एवढेच लिहिलेले असते. तेथे भरण कशाचे, थर किती, असे दोन रकाने वाढवण्याची मागणी पुढील भेटीत अभिप्रायवहीत नोंदवता येईल.