वासाच्या औषधाच्या रात्री

प्रति,
मा. उपवनसंरक्षक, पुणे वन विभाग,
मा. तालुका कृषी अधिकारी, बारामती आणि इंदापूर,
मा. प्रमुख, कृषी विज्ञान केंद्र, बारामती
आणि दोन्ही तालुक्यांतल्या साखर कारखान्यांचे शेतकी विभाग



मक्याचं कणीस दुधात आलं की आमच्याकडच्या कृषी सेवा केंद्रांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "डुकरासाठी काय हाय का?" काउंटरवरून एक बाटली पुढे सरकते. बांधाच्या कडेने सुतळी ओढायची, हात-दोन हातांवर चिंध्या बांधायच्या, त्या औषधात बुडवायच्या. किती दिवस चालेल? "पाऊस नाही पडला तर पंधरा दिवस." पडला तर? तर दुसरी बाटली. तिच्यावर 'जैविक' हा शब्द ठळक असतो, आत नेमकं काय आहे ते मात्र बरेचदा शोधावं लागतं. रानडुकराने उकरलेलं शिवार पाहून आलेला माणूस शोधत बसत नाही, पैसे मोजतो. ही बाटली कधी उपयोगी आणि कधी वाया, हे शेतकऱ्याला सांगण्याचं काम दुकानदारावर सोडू नका, एवढ्यासाठी हे पत्र.

वासाच्या उपायाची मी थट्टा करत नाही. डुकराचं सगळं जगणं नाकावर चालतं. नजर बेताचीच, पण जमिनीतली भुईमुगाची शेंग त्याला वरून कळते. अशा जनावराला अनोळखी, उग्र वास आला तर ते थबकतं. कुजलेल्या अंड्याचं पाणी फवारतात ते याचसाठी, कारण त्या गंधकाच्या दर्पात मांस खाणाऱ्या जनावराची चाहूल असते. अमेरिकेत परसबागेतल्या हरणांसाठी विकली जाणारी बरीच औषधंही अंड्याच्या भुकटीचीच असतात. हैदराबादच्या कृषी विद्यापीठात रानडुकरांच्या बंदोबस्तावर बरंच काम झालं आहे. न्हाव्याच्या दुकानातले केस, गावडुकराच्या विष्ठेचं पाणी, गंधक आणि डुकराच्या चरबीत भिजवलेला काथ्याचा दोर, जुन्या रंगीत साड्या, भुईमुगाभोवती करडईच्या ओळी असे साधे उपाय तिथे तपासले गेले. त्यातली केसांची युक्ती मला विशेष आवडते. डुक्कर मुसकट जमिनीला लावून हुंगत येतं, केस नाकात जातात आणि ते मागे फिरतं. खर्च काहीच नाही, फक्त न्हाव्याशी ओळख हवी, आणि ती गावात असतेच.

पण वासामागून वाघही येत नाही आणि माणूसही येत नाही, हे कळपाच्या लवकर लक्षात येतं. एखादी धीट मादी आत शिरते, तिला काही होत नाही, मग पिल्लं तिच्या मागे येतात. त्यानंतर त्या चिंध्या म्हणजे नुसत्या चिंध्या. ऊन, वारा आणि पाऊस औषध उडवतात ते वेगळंच. जगात कुठेही पाहिलं तरी वासाच्या औषधांचा अनुभव साधारण असाच आहे. नुकसान काही काळ कमी होतं, थांबत नाही, आणि भुकेलं जनावर फार दिवस फसत नाही.

म्हणजे शेतकरी बाटली घेतो तेव्हा मोजक्या रात्री विकत घेतो. त्या कोणत्या, हे त्याला कळलं तर पैसे वसूल. आज मका गुडघ्याएवढा असतानाच चिंध्या लागतात आणि कणसं भरायला लागतात तेव्हा कळप त्या वासाला सरावलेला असतो. कणीस दुधात असतानाचे दिवस, भुईमुगाच्या आऱ्या जमिनीत उतरून शेंगा भरण्याचा काळ, पेरणीनंतर उगवण होईपर्यंतचा आठवडा, खरी गरज एवढ्याचीच आहे. आधी केस, मग अंड्याचं पाणी, मग दोर असं आलटूनपालटून केलं तर सराव व्हायला वेळ लागेल. हे पानभर लिहून वाटायला किती खर्च येतो?

आता कारखान्यांना या पत्रात का ओढलं, ते सांगतो. आमच्या भागात रानडुकराचं रान म्हणजे ऊस. आडसाली लावण सोळा-अठरा महिने उभी असते. गारवा, पाणी, अडोसा, सगळं तिथेच. डोंगरातून डुकरं आली म्हणून वन खात्याकडे बोट दाखवणं सोपं आहे, पण माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर या कारखान्यांच्या कार्यक्षेत्रात त्यांचा मुक्काम आम्हीच पोसला आहे. हंगाम सुरू झाला की टोळी फडात उतरते, ऊस पडत जातो आणि शेवटचा पट्टा तुटला की कळप शेजारच्या रब्बी मक्यात, ज्वारीत घुसतो. कोणता फड कधी तुटणार हे शेतकी विभागाच्या तोडणी कार्यक्रमात लिहिलेलं असतं. पुढे-मागे होतं, मान्य. तरीही कारखान्याच्या चिटबॉयने शेजारच्या चार गटांना दोन दिवस आधी निरोप दिला, तर त्यांना वासाचा दोर त्याच रात्री बांधता येईल. सगळ्यांनी एकाच वेळी बांधला तर कळप नुसता एकाच्या बांधावरून दुसऱ्याच्या बांधावर ढकलला जाणार नाही. कारखान्याच्या सभासदांपैकीच कुणाचा तरी मका वाचेल.

आता थिमेटचं बोलतो, कारण ते उघडपणे कुणी बोलत नाही. फडक्यात थिमेटचे दाणे बांधून, पुरचुंडीला भोकं पाडून ती कुंपणाला टांगायची ही पद्धत वासाच्या औषधाच्याच नावाखाली चालते. थिमेट म्हणजे फोरेट. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ते अतिविषारी गटात आहे, कातडीतूनही अंगात भिनतं. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर बंदी आहे. जुना साठा, शेजाऱ्याचा डबा, कुठूनतरी ते बांधावर येतंच. त्याच बांधावरून रात्रीच्या लाइटला आम्ही दारं धरायला अनवाणी फिरतो. मेंढरं घेऊन जाणारे धनगर तिथेच थांबतात. पुरचुंडी फुटली की दाणे टिपायला पाखरं येतात. कृषी खात्याने दुकानं तपासावीत हे झालंच, पण आधी गावात येऊन सरळ सांगावं की ही पुरचुंडी काढा आणि तिच्याऐवजी हे लावा. 'ऐवजी' काही नसेल तर नुसत्या बंदीचा कागद कुणी वाचत नाही.

वन खात्यासाठी हा विषय दुय्यम नाही. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झालं, ते अवघं ५.१४ चौरस किलोमीटरचं. चिंकारा आणि लांडगा त्या रेषेत मावत नाहीत, ते आमच्या माळांवर आणि बांधांवरच फिरतात. कडबनवाडी आणि शिरसुफळला आपण गवताळ माळाची सफारी सुरू केलीत, चांगलं केलंत. पण डुकरासाठी टांगलेलं विष किंवा तारेत सोडलेला चोरटा करंट पुढे कोण आहे ते विचारत नाही. निरुपद्रवी वासाचा उपाय नीट शिकवणं हे चिंकारा राखण्याचंच काम आहे, आणि ते स्वस्तही आहे.

कृषी विज्ञान केंद्राकडे एक मागणी. जानेवारीतल्या 'कृषिक' प्रदर्शनात आपण उभी पिकं दाखवता, कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा ऊसही दाखवलात आणि तो पाहायला आम्ही रांगेने आलो. आता थोडं कमी चकचकीत काम करा. उसाला लागून असलेल्या शेतकऱ्यांच्या मक्यात चाचणी लावा. एका तुकड्यात बाजारातली बाटली, एकात केस, एकात अंड्याचं पाणी, एकात झटका मशीन, आणि एक तुकडा काहीही न करता ठेवा. त्या मोकळ्या तुकड्याशिवाय बाटलीचा गुण कळणार नाही, कारण कळप त्या आठवड्यात आलाच नाही तरी दुकानदार श्रेय बाटलीलाच देतो. रात्री फोटो घेणारे कॅमेरे वन खात्याकडे असतातच, ते लावा. निकाल वाईट आला तरी तो नावासकट छापा.

आणि वास हरला त्या रात्रीचं काय? केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान पीकविम्यात धरलं जाईल. कोणते प्राणी आणि कोणते भाग धरायचे हे राज्याने अधिसूचित करायचं आहे. शेतकऱ्याने ७२ तासांत अ‍ॅपवर ठिकाणासह फोटो टाकायचे आहेत. ऊस आपल्याकडे या विम्यात नाहीच, म्हणजे प्रश्न मका, बाजरी, भुईमुगाचा आहे. भाग ठरवताना जुन्या नुकसानीची नोंद पाहिली जाणार आणि आमच्याकडे लहान नुकसानीचा अर्ज बहुतेक जण करतच नाहीत, वनरक्षक, तलाठी, कृषी सहायक यांच्यामागे फिरण्यापेक्षा बाटली परवडते म्हणून. तेव्हा वन आणि कृषी खात्यांनो, ही नोंद गावोगाव फिरून तुम्हीच गोळा करा, बारामती आणि इंदापूरच्या मंडळांचा प्रस्ताव वर पाठवा, आणि पाठवलेल्या यादीची प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

आपला,
इंदापूर तालुक्यातील एक मका उत्पादक