नऊ तासांची नोकरी

गेल्या जुलैतल्या एका रविवारी माझी भाची सकाळीच दारात उभी राहिली. हातात पेढ्यांचा पुडा नव्हता, चार घड्या घातलेला एक कागद होता. चहा व्हायच्या आधीच तिने तो माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "आत्या, नोकरी लागली असं म्हणू की नको म्हणू, तूच सांग."

कागद म्हणजे कॉलेजचे वेळापत्रक होते. मुलगी इतिहासात एम. ए., सेट उत्तीर्ण. घर सांगलीत, कॉलेज तालुक्याच्या गावी, एस. टी. च्या वाटेवर. सोमवार, बुधवार, शुक्रवार एक तास साडेसातला आणि दुसरा थेट पावणेबाराला. मंगळवारी आणि गुरुवारी सव्वातीनपर्यंत वाट पाहायची. आठवड्याचे एकूण तास ९.

महाराष्ट्रात याला तासिका तत्त्वावरची नेमणूक म्हणतात. बोलताना सगळे 'सीएचबी'च म्हणतात. पूर्ण वेळेची जागा रिकामी असते, ती भरायची नसते किंवा भरता येत नसते, म्हणून तिच्या तासांची वाटणी करतात; एका माणसाला आठवड्याला जास्तीत जास्त ९. पदवीच्या वर्गाला तासाचे ९०० रुपये, हा दर राज्य सरकारने २०२३ मध्ये ठरवला. विद्यापीठ अनुदान आयोगाने अतिथी प्राध्यापकांसाठी २०१९ मध्ये तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असे सांगितले होते. दोन आकड्यांमधले अंतर वाचकांनी आपले आपणच मोजावे. शिवाय तास म्हणजे घड्याळी ६० मिनिटे, आणि वर्गातली तासिका मात्र ४८ मिनिटांची, ही गंमत अनेकांना पहिले मानधन हातात पडल्यावरच कळते.

भाचीच्या घरात त्या आठवड्यात एक छोटी गोलमेज परिषदच भरली होती म्हणे. सासूबाईंना आनंद झाला, कारण भिशीत सांगता येईल, आमची सून प्रोफेसर आहे. माझा भाऊ, म्हणजे तिचे वडील, फोनवर म्हणाले, "बाळ, आधी पाय रोवून ठेव. आतला माणूस आत राहतो." नवरा म्हणाला, "तुझं तू ठरव, माझी काही हरकत नाही." हे शेवटचे वाक्य दिसते फार उदार. पण साडेसहाच्या गाडीसाठी बायको घराबाहेर पडल्यावर चार वर्षांच्या मुलाला शाळेच्या रिक्षात कोण बसवणार, हे त्या वाक्यात कुठेच नसते.

आम्ही दोघींनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे हिशेब मांडला. सकाळच्या तीन दिवसांत घरातून सहाला निघून दीडला परत, म्हणजे साडेसात तास. दुपारच्या दोन दिवसांत सव्वाचार तास. आठवड्याचे झाले ३१. नवा अभ्यासक्रम, पहिलेच वर्ष, एका तासाच्या तयारीला दोन तास तरी हवेत, ते १८. असे ४९ तास घातल्यावर पूर्ण दराने ८,१०० रुपये. तासाला १६५. आता १९७१ पूर्वीच्या मराठवाड्याचा इतिहास शिकवायला येणारी बाई आणि तिच्या शेजारच्या गल्लीत स्वयंपाकाला येणारी बाई यांच्यात कोण जास्त मिळवते, हे मी तिला विचारले नाही. तिने स्वतःच हसून ते काढले. एस. टी. चे भाडे मात्र बायकांना २०२३ पासून निम्मे झाले आहे, एवढी एक जमेची बाजू.

खर्चाची बाजू कागदावर नव्हती. संध्याकाळी पाच वाजता ती नववी-दहावीच्या बारा मुलांची शिकवणी घेते. महिन्याला १२,००० रुपये त्यातून येतात, आणि ते वेळेवर येतात. मंगळवारी, गुरुवारी ती पावणेसहाला घरी पोहोचणार. दोन आठवडे पालक समजून घेतील, तिसऱ्या आठवड्यात दुसरा क्लास शोधतील. घरच्या हिशेबात ही शिकवणी कुणी धरलीच नव्हती. बाई घरात बसून जे कमावते त्याला आपण कमाई म्हणत नाही, 'तेवढाच विरंगुळा' म्हणतो. कॉलेजच्या फाटकातून आत गेली की त्याच शिकवण्याला नोकरी म्हणायचे.

"पण अनुभव धरतात ना, आत्या?" हा तिचा खरा प्रश्न होता, आणि या नोकरीतल्या प्रत्येकाचा तोच असतो. अनुदान आयोगाची २०१८ ची नियमावली सांगते की हंगामी किंवा कंत्राटी सेवा पुढे बढतीसाठी मोजायची, तर तेव्हाचा एकूण पगार नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक पगारापेक्षा कमी असता कामा नये. तासाला ९०० घेणाऱ्याचे हे कधी जमणार? मुलाखतीला बसलेल्या मंडळींवर पाचसहा वर्षे शिकवल्याचा प्रभाव पडतो, नाही असे नाही. पण पाय रोवायला खाली जमीन लागते. दर वर्षी नवा अर्ज, नवी मुलाखत, नवा आदेश. आणि राज्यातल्या कॉलेजांत २०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाल्यापासून विषयांच्या जोड्या बदलल्या, त्यामुळे पुढच्या सत्रात इतिहासाचे तास किती उरतील याची खात्री विभागप्रमुखांनाही देता येत नाही. या आशेवर चाळिशी गाठलेली मुले माझ्या ओळखीत आहेत. त्यांची लग्ने जमताना मुलीकडचे एकच विचारतात, "परमनंट आहेत का?"

म्हणजे मी तिला नको म्हणाले असे कुणाला वाटेल. तसे नाही. वर्गात उभे राहण्याची ओढ मला ठाऊक आहे. १९९२ साली मीही अशीच एका कॉलेजात तासावर होते. सकाळी एक तास, संध्याकाळी सहाला दुसरा, मधला सगळा दिवस लोंबकळत. प्राध्यापकांच्या खोलीत आमच्यासाठी खुर्ची नव्हती. वाचनालयाच्या पायरीवर डबा खायचे. दीड वर्षाने सोडली. पण पहिल्या बाकावरची एक मुलगी तास संपला तरी वही मिटायची नाही, ती मला अजून आठवते. तेव्हाचे मानधन किती होते, तेही आठवत नाही. वेळ बदलून मिळेल का, एवढे साधे वाक्य त्या दीड वर्षात मी एकदाही उच्चारले नाही, ते मात्र आठवते आणि टोचते.

कारण वेळापत्रक काही पंचांगासारखे वरून येत नाही. ते जुलैत दोन-तीन माणसे एका टेबलावर बसून करतात. कायमच्या मंडळींच्या सोयी आधी बसतात, उरलेल्या फटींत तासिकेवरची माणसे भरली जातात. यात दुष्टपणा असतोच असे नाही. समोर कुणी बोलत नाही, म्हणून फट तशीच राहते. पगार प्राचार्यांच्या हातात नसतो, अनुभवाचे नियमही नसतात. पावणेबाराचा तास सव्वाआठला आणणे मात्र त्यांच्या हातात असते. म्हणून माझे मत असे पडले की होकार द्यायचा की नकार, हे दरावर किंवा मानावर ठरवू नये. वेळापत्रकावर ठरवावे, आणि ते विचारून ठरवावे. सकाळचे दोन तास लागोपाठ मिळाले आणि शिकवणी वाचली, तर एक वर्ष जरूर करावे, आवडीसाठी करावे. नाही मिळाले तर नमस्कार करून परत यावे. आणि दोन वर्षांपलीकडे, जागेची जाहिरात निघालेली नसताना, केवळ आशेवर थांबू नये.

"असं विचारलं तर 'आत्ताच अटी घालतेय' म्हणतील," ती म्हणाली.

"म्हणू देत. नेमणूक तू मागायला गेली होतीस, तशी त्यांनाही जूनपासून माणूस हवाच होता."

सोमवारी ती गेली. विभागप्रमुख आधी थोडे फुगले, मग त्यांनी पेन्सिल घेतली. बुधवार आणि शुक्रवारचे तास लागोपाठ झाले. गुरुवारचा तास सोमवारच्या मधल्या पोकळीत आला, त्यामुळे सोमवार तसाच लांब राहिला पण एक दिवस मोकळा झाला. मंगळवारच्या सव्वातीनला मात्र कुणी हात लावू शकले नाही. त्या वेळेला दुसरी खोलीच रिकामी नव्हती.

तिने होकार कळवला, एका वर्षापुरता. मंगळवारची शिकवणी आता तिचा नवरा घेतो, गणिताची. त्याची हरकत नव्हतीच. मुले त्याला कितपत सांभाळून घेतात ते सहामाहीच्या मार्कांवरून कळेल.