आधी प्रश्न, मग पेपर!

फायनल इयरचं शेवटचं सेमिस्टर आलं की गारखेड्यातल्या हॉस्टेलांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "प्रोजेक्ट झाला रे, आता फक्त पेपर लिहायचा राहिलाय!" माझा आक्षेप आहे तो या 'फक्त'ला!

कारण मग होतं काय? सीनियरचा जुना पेपर उघडायचा, त्यातली हेडिंग्ज तशीच ठेवायची आणि खाली आपला मजकूर ओतायचा. झाला पेपर! पण ती हेडिंग्ज शोभेसाठी नसतात. इंट्रोडक्शन, मेथड, रिझल्ट्स, डिस्कशन म्हणजे चार साधे प्रश्न: काय विचारलं? कसं शोधलं? काय सापडलं? आणि त्याचा अर्थ काय? पहिलाच प्रश्न नसेल तर बाकीच्या तिघांनी करायचं तरी काय?

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर आठवा. चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत). अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४... आणि तिथेच थांबते! जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. १९५५ मध्ये 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या जर्नलमध्ये यावर त्यांचा लेख आला. ना पीएच.डी., ना लॅब. पण प्रश्न नेमका आणि रीत अशी, की कुणीही पडताळून पाहावी. मला वाटतं, चांगल्या पेपरची कसोटी हीच!

आता आपल्याकडचं उदाहरण. 'गारखेड्यातील पाणीप्रश्न : एक अभ्यास' हा नुसता मथळा झाला. 'टाकीतल्या अल्ट्रासॉनिक सेन्सरचं रीडिंग आणि पट्टीने मोजलेली पातळी यांत महिनाभरात किती फरक पडतो?' हा झाला प्रश्न! सेन्सर कुठे बसवला, दर किती मिनिटांनी रीडिंग घेतलं, कोणत्या दिवशी तो बंद पडला, हे सगळं मेथडमध्ये. रिझल्ट्समध्ये आकडे आणि आलेख, बाकी काही नाही. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो, मग दुपारचा फरक त्यामुळे पडला का, ही चर्चा डिस्कशनमध्ये. आणि सेन्सर बंद पडलेले दिवस लपवायचे नाहीत हं!

लिहिण्याचा क्रम मात्र वाचण्याच्या क्रमापेक्षा वेगळा असावा. मेथड काम चालू असतानाच लिहावी, कारण सहा महिन्यांनी कुणाला काय आठवणार? मग आलेख, रिझल्ट्स, डिस्कशन, त्यानंतर इंट्रोडक्शन आणि सगळ्यात शेवटी अ‍ॅबस्ट्रॅक्ट. आपण नेमकं उलटं करतो!

याहून गंभीर गोष्ट म्हणजे पैसे भरा, सर्टिफिकेट घ्या, असा धंदा करणारी जर्नल्स. २०१८ मध्ये पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या संशोधकांनी 'करंट सायन्स'मध्ये यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीचा पंचनामा केला. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या जर्नल्सपैकी त्यांनी जी तपासली, त्यातली तब्बल ८८ टक्के कमी दर्जाची असू शकतात, असा निष्कर्ष निघाला! पुढे २०१९ मध्ये 'केअर' यादी आली, तीही यूजीसीने २०२५ मध्ये बंद केली. म्हणजे आता कुठल्या यादीच्या आड लपायची सोय नाही. जर्नल पारखायचं आपणच.

म्हणून सरांना आणि मॅडमना एक नम्र विनंती. शेवटी छापील सर्टिफिकेट मागण्याऐवजी पहिल्याच महिन्यात एक पान मागा : आमचा प्रश्न काय आणि तो आम्ही कसा तपासणार? त्या पानावर लाल शाई भरपूर सांडू दे! वाईट जर्नलमध्ये छापून आलेल्या पेपरपेक्षा हॉस्टेलच्या टाकीवर महिनाभर नीट घेतलेली रीडिंग्ज लाखमोलाची. पुढच्या बॅचला निदान तिथून पुढे तरी जाता येईल.

पटतंय ना? मग आज रात्री गप्पांच्या अड्ड्यावर ग्रुपमधल्या प्रत्येकाला विचारा, "आपल्या प्रोजेक्टचा प्रश्न एका वाक्यात सांग." चौघांची चार उत्तरं आली, तर पेपर लिहायला अजून वेळ आहे असं समजा!