चालतंय, पण कुठल्या तारखेपर्यंत?

जून 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने देशातल्या बँकांना एक परिपत्रक पाठवले. एटीएममधली ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली आहे, ती टप्प्याटप्प्याने बदला, असा आदेश होता. सप्टेंबरपर्यंत पाव यंत्रे, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च 2019 पर्यंत पाऊण आणि जूनपर्यंत सगळी. त्या काळी अनेक एटीएमच्या पोटात विंडोज एक्सपी होती आणि मायक्रोसॉफ्टने तिचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 रोजीच थांबवला होता. ज्या यंत्रासमोर माणसे हाताने पिन झाकून उभी राहत, त्याच्या आतले कुलूप दुरुस्त करणारा चार वर्षांपूर्वीच दुकान बंद करून गेला होता. नोटा मात्र बिनबोभाट येत होत्या.

घोटाळा इथेच आहे. सॉफ्टवेअर गंजत नाही, खडखडत नाही, त्यातून धूर येत नाही. ‘चालतंय ना, मग हात कशाला लावता?’ हे वाक्य तालुक्याच्या कचेरीत ऐकू येते, तसेच हिंजवडीतल्या काचेच्या इमारतीतही. त्यामुळे एखादी प्रणाली संपली, हे तिच्याकडे पाहून कळत नाही. ते कळते फक्त एका तारखेवरून. ‘एलटीएस’, म्हणजे दीर्घकाळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती, या तीन अक्षरांमागे असते ती हीच तारीख.

मराठी घरांना ही कल्पना परकी नाही. शिक्षण मंडळ अभ्यासक्रम बदलते तेव्हा जुन्या अभ्यासक्रमाने नापास झालेल्यांना आणखी काही संधी मिळतात. तेवढ्या काळापुरत्या जुन्या प्रश्नपत्रिका काढणारे, तपासणारे लोक ठेवले जातात. संधी संपल्या की नव्या पुस्तकांना पर्याय नसतो. सॉफ्टवेअरचेही तसेच. नव्या सोयी नव्या आवृत्तीत येतात. जुनीतही सुरक्षेची भोके सापडत राहतात, आणि नव्या आवृत्तीसाठी केलेली दुरुस्ती कोणीतरी बसून जुन्या कोडच्या मापाने पुन्हा बेतावी लागते. हे काम किचकट असते, कंटाळवाणे असते आणि त्याचे कौतुकही होत नाही. ते अमुक तारखेपर्यंत करू, असे जाहीर वचन म्हणजे एलटीएस. उबुंटू लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमने 2006 मध्ये पहिली अशी आवृत्ती काढली. आज तिथे दर सम वर्षी एप्रिलमध्ये येणाऱ्या एलटीएसला पाच वर्षांचा मूळ सपोर्ट असतो आणि मधल्या आवृत्त्यांना जेमतेम नऊ महिन्यांचा.

जावा या प्रोग्रामिंग भाषेची गोष्ट अधिक बोलकी आहे. पूर्वी जावाची नवी आवृत्ती सवडीने येई. सहावी डिसेंबर 2006 मध्ये आली आणि सातवीसाठी जुलै 2011 उजाडले. सप्टेंबर 2017 नंतर ठरले की दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढायची. बँका, विमा कंपन्या, सरकारी पोर्टले या गतीने धावणे अशक्यच होते. म्हणून 11, 17, 21 आणि 25 या आवृत्त्यांना एलटीएसचा मान मिळाला. जुनी आठवी तर 2014 ची असूनही अजून कित्येक सर्व्हरांवर मुक्काम ठोकून आहे.

पण जावाचा एलटीएस हा भाषेचा गुण नाही, तो विक्रेत्याचा करार आहे. मूळ कोड सर्वांचा एकच, पण ओरेकलची तारीख वेगळी, अमेझॉनची वेगळी, रेड हॅटची वेगळी. ओरेकलने जावा 17 चे अपडेट व्यापारी वापरासाठी विनाशुल्क दिले ते सप्टेंबर 2024 पर्यंतच. पुढे हवे असतील तर पैसे मोजायचे, आणि 2023 पासूनच्या योजनेत ते कंपनीतल्या एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येवर ठरतात. जावा वापरणारे चारच असले तरी स्वागतकक्षातला माणूससुद्धा मोजणीत येतो. ‘आम्ही एलटीएस वापरतो’ असे कोणी छातीठोकपणे सांगितले, तर पुढचा प्रश्न ‘कोणाचे?’ असाच हवा.

वचन मोडलेही जाते. सेंटओएस ही लिनक्सची फुकट आणि भरवशाची आवृत्ती जगभरच्या सर्व्हरांवर होती. तिची आठवी आवृत्ती सप्टेंबर 2019 मध्ये आली आणि 2029 पर्यंत सांभाळली जाईल असे सांगितले गेले. डिसेंबर 2020 मध्ये घोषणा झाली की ती 2021 च्या अखेरीसच संपेल. गंमत अशी की जुन्या सातव्या आवृत्तीची तारीख, 30 जून 2024, कायम राहिली. तत्परतेने नवी आवृत्ती बसवणारे उघड्यावर पडले आणि आळस करून सातवीवरच बसलेले अडीच वर्षे निवांत राहिले. आळशांना इतके सज्जड समर्थन क्वचितच मिळते. त्या संतापातून रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स हे पर्याय उभे राहिले.

कधी कोणाचा दोष नसतानाही तारीख अलीकडे सरकते. नोड या लोकप्रिय प्रणालीची सोळावी आवृत्ती एप्रिल 2024 पर्यंत चालायची होती. पण ती ज्या ओपनएसएसएल 1.1.1 या सुरक्षा-संचावर उभी होती, त्याचीच मुदत 11 सप्टेंबर 2023 ला संपत होती. मग नोडनेही त्याच दिवशी आपली सोळावी आवृत्ती थांबवली. तळमजल्याचा करार संपल्यावर वरच्या मजल्याचा भाडेकरू किती दिवस राहणार?

आणि वचन पाळले गेले तरी अर्धे काम घेणाऱ्यालाच करावे लागते. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमापन कंपनीतून 2017 मध्ये सुमारे 14.7 कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. ज्या भोकातून चोर शिरले, त्याचा पॅच दोन महिन्यांपूर्वीच, मार्चमध्ये उपलब्ध झाला होता. तो लावायचा राहिला होता. एलटीएस आवृत्ती बसवून तिचे अपडेट न लावणे म्हणजे औषध आणून ते फडताळात ठेवणे.

आपल्याकडे यात ‘एएमसी’ नावाच्या गैरसमजाची भर पडते. नगरपालिका, महाविद्यालय किंवा पतसंस्था सॉफ्टवेअर घेते, वार्षिक देखभालीचा करार करते आणि निर्धास्त होते. पण करार असतो तो वर दिसणाऱ्या प्रणालीचा. खालचा पाया पीएचपी भाषेची 5.6 ही आवृत्ती असेल, तर त्याच्या सुरक्षा-दुरुस्त्या 31 डिसेंबर 2018 रोजीच थांबल्या आहेत. देखभाल करणारा मुलगा कितीही हुशार असला, तरी पायाची भोके बुजवणे त्याच्या आवाक्यातले नसते. तो फक्त प्रिंट येत नाही म्हणून फोन केला की येतो. तसाच फोन पायाबद्दल कोणी करत नाही, कारण पायाबद्दल कोणाला काही सांगितलेलेच नसते.

मुदत लांबवून माणसे वेळेवर हलतात, असेही नाही. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची तिसरी आवृत्ती डिसेंबर 2008 मध्ये आली. जुन्या पायथॉन 2.7 चा निरोप आधी 2015 मध्ये ठरला होता, तो लोकांच्या सोयीसाठी 1 जानेवारी 2020 पर्यंत पुढे ढकलला. अकरा वर्षे मिळूनही अनेकांची धावपळ सुरू झाली ती शेवटच्या वर्षात. वीजबिलाच्या शेवटच्या दिवशी रांगेत उभे राहिलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही.

तरीही संस्थांनी एलटीएसच घ्यावे. दर सहा महिन्यांनी पाया बदलणे कोणत्याही नगरपालिकेला परवडणारे नाही. मात्र निविदेत रॅम किती आणि पडदा किती इंची हे जितक्या बारकाईने लिहितात, तितक्याच बारकाईने दोन ओळी आणखी लिहाव्यात. भाषा, डेटाबेस आणि ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती कोणती, आणि तिचा सपोर्ट कोणाकडून, कोणत्या दिवसापर्यंत? पुढच्या आवृत्तीवर जाण्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा आणि तारखेच्या दीड वर्ष आधी कामाला हात घालावा. उबुंटू 22.04 चा मूळ सपोर्ट एप्रिल 2027 च्या आसपास संपतो. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला किती महिने लागतात, हे कचेऱ्यांना सांगायला नको.